मन राखायची सहल

खोटं बोलणं पाप आहे हे मला शाळेत शिकवलं, आणि दुसऱ्याकडे गेल्यावर "भूक नाही" म्हणायचं हे घरी शिकवलं. शिकवणारी दोन्ही माणसं थोर होती, त्यामुळे दोन्ही धडे चांगले पाठ झाले. या दोन शिकवणींचं भांडण कोणी मिटवल्याचं मात्र माझ्या ऐकिवात नाही. बहुतेक मराठी घरांत त्या जावांसारख्या नांदतात. एकमेकींशी बोलत नाहीत, पण चूल एकच.

या दुसऱ्या शिकवणीला आपल्या भाषेत एक छान नाव आहे: मन राखणं. मन मोडू नये, मन दुखवू नये, मन राखावं. शेत राखावं, गुरं राखावीत, तसं मन राखावं. आता शेत राखायला बुजगावणं लागतं आणि मन राखायला "छे छे, मला काय, कुठेही चालेल" एवढं वाक्य पुरतं. या वाक्याइतकं मन लावून बोललेलं असत्य दुसरं नसेल. आणि भाषा फार धूर्त असते. राखण्याच्या शेजारीच तिने 'मन मारणं' हा शब्द ठेवून दिला आहे. दुसऱ्याचं राखायचं तर स्वतःचं मारायचं, असा हा रोखीचा व्यवहार आहे. इथपर्यंत ठीक आहे. पण समजा, मी तुमचं मन राखण्यासाठी माझं मारलं आणि नेमकं त्याच वेळी तुम्हीही माझं राखण्यासाठी तुमचं मारलंत, तर शेवटी राखलं कोणाचं?

हा प्रश्न मला एरवी सुचला नसता. तो सुचला भाट्याच्या समुद्रावर, उलट्या झालेल्या छत्रीच्या दांड्याला धरून उभा असताना.

२०२५ साली पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला, शनिवारी गोपाळकाला आणि रविवार तर रविवारच. अशी जोडून सुट्टी आली की पुण्याचा माणूस घरी बसत नाही; बसला तर शेजारी तब्येतीची चौकशी करायला येतात. आम्ही चौघं, म्हणजे मी, ही, चिरंजीव आणि कन्या, गुरुवारी रात्री आंबा घाट उतरून रत्नागिरीला आत्याकडे गेलो. आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वय ब्याऐंशी. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, बँकेतून निवृत्त झालेला. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. शिवाय वहिनी. घर जुनं, कौलारू, पुढे पडवी, आणि पडवीत एक झोपाळा. त्याच्या कड्या कुरकुरतात, पण त्यांना तेल घालायचं म्हटलं की आत्या म्हणते, "असू दे रे, सोबत होते."

पाऊस आमच्या आधीच येऊन बसला होता. पुण्यात वर्षभरात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यावर आम्ही वर्षभर बोलतो. रत्नागिरीत तीन हजारांच्या वर पडतो आणि कोणी काही बोलत नाही, कारण ऐकू येत नाही. शुक्रवारी सकाळी पलीकडच्या शाळेतून झेंडावंदनाचं गाणं मधूनमधून ऐकू आलं, एरवी दिवसभर पागोळ्यांचाच आवाज. आम्ही पडवीत बसून राहिलो. पत्ते झाले. बदाम सातमध्ये आत्याने अडवून ठेवलेला इस्पिकचा आठ्ठा तीन डावांनंतरही कोणाला सापडला नाही. कन्येने आजीच्या नऊवारी पातळाची लांबी टेपने मोजली. चिरंजिवांच्या फोनला रेंज नव्हती, त्यामुळे तो बऱ्याच वर्षांनी आमच्या कुटुंबात परत आला होता. आत्याने माझ्या वडिलांनी लहानपणी फणस चोरल्याची गोष्ट सांगितली. ती मला वडिलांकडूनही ठाऊक होती, पण त्यांच्या आवृत्तीत फणस आत्याने चोरला होता.

शनिवारी दुपारी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ झाली. सगळे झोपाळ्याभोवती पसरले होते. पाऊस जरा दम घेत होता. आणि दादा म्हणाला, "काय, समुद्रावर जाऊन यायचं?"

आता हे वाक्य कसं म्हटलं गेलं ते महत्त्वाचं आहे. पानावरून उठताना "भात वाढू?" म्हणतात, तसं ते म्हटलेलं होतं. त्याला "नको" हे उत्तर अपेक्षित असतं आणि दोघांनाही ते माहीत असतं. पण ही म्हणाली, "चालेल की भाऊजी, मुलांनाही मजा वाटेल." मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. चिरंजीव म्हणाला, "आईला जायचं असेल तर जाऊ." वहिनी म्हणाल्या, "एवढे पुण्याहून आलात, समुद्र बघितल्याशिवाय कसे जाल? मी भजी करून घेते." मी म्हणालो, "आत्यालाही बरं वाटेल, चार दिवस घरातच आहे ती." आणि आत्या म्हणाली, "हो हो, मी येते ना. मला काय!"

झालं. ठराव एकमताने संमत. लोकसभेतसुद्धा इतक्या झटपट विधेयक मंजूर होत नाही.

आत्याने बोटांवर हिशोब केला. "आज अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. सहाला पूर्ण भरती. पाचच्या आत परत फिरा." ही तिथीची पाऊणपट म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसाचं घड्याळ आहे. तिथीच्या आकड्याला तीनाने गुणून चाराने भागलं की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेला सव्वाअकरा, अष्टमीला सहा. कन्येने लगेच फोनवर खरी वेळ बघायचा प्रयत्न केला, पण रेंज नसल्यामुळे परंपरेचा विजय झाला.

दादाची गाडी पाच माणसांची. आम्ही सात. शिवाय सात छत्र्या, एक थर्मास, भज्यांचा डबा, आत्याची शाल, आणि "असू दे, लागली तर" या सदरात मोडणाऱ्या तीन पिशव्या. आत्याला पुढे बसवलं. मागे आम्ही पाच जण असे बसलो होतो की कोणाचा कोपर कोणाचा हे नंतर घरी जाऊन वाटून घ्यावं लागलं असतं. काचा आतून धुरकटल्या. दादा एका हाताने गाडी आणि दुसऱ्या हाताने काच पुसत होता, आणि आत्या त्याला "डावीकडे म्हैस आहे" वगैरे माहिती देत होती.

खाडीच्या पुलावर आल्यावर दादाने सवयीने हात केला, "तो बघा, तिकडे वर थिबा राजाचा राजवाडा." तिकडे पांढरं धुकं होतं. आम्ही सगळ्यांनी मान डोलावून राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशचा हा राजा. इंग्रजांनी १८८५ साली त्याचं मंडालेचं राज्य घेतलं, दुसऱ्या वर्षी त्याला रत्नागिरीला आणून ठेवलं, १९१० साली हा वाडा बांधून दिला आणि १९१६ साली तो इथेच वारला. स्वतःच्या मनाविरुद्ध रत्नागिरीचा समुद्र पाहणारा तो सर्वांत प्रसिद्ध माणूस. पण त्याची परिस्थिती एका बाबतीत आमच्यापेक्षा बरी होती. आपल्याला कोणी आणलं, हे त्याला नक्की माहीत होतं.

भाट्याला उतरलो आणि दम घेणारा पाऊस ताजातवाना होऊन परत आला. तो वरून पडत नव्हता, समोरून येत होता. सुरूची झाडं सगळी एकाच बाजूला वाकलेली, जणू कोणाचं तरी ऐकून घेताहेत. समुद्र निळा नव्हता, हिरवा नव्हता, टपरीवरच्या चहाच्या रंगाचा होता. काजळी नदी डोंगरातली सगळी लाल माती घेऊन तिथेच समुद्राला मिळते आणि पावसाळ्यात ती काही राखून ठेवत नाही. मासेमारीची बंदी जुलैअखेर संपलेली, नारळी पौर्णिमेला नारळही वाहून झालेला, तरी वारं बघून बऱ्याच नौका मिरकरवाड्याच्या बंदरात परतल्या होत्या, असं दादा सांगत होता. म्हणजे ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते घरी, आणि ज्यांचं पोट महिन्याच्या पगारावर किंवा पेन्शनवर आहे ते समुद्रावर.

पहिल्या मिनिटात तीन छत्र्या उलट्या झाल्या. दुसऱ्या मिनिटात उरलेल्यांनी त्यांचं अनुकरण केलं. वहिनींनी डबा उघडला तेव्हा भजी कुरकुरीत होती, तोंडापर्यंत येईतो ती कढीतली झाली होती. "छान आहेत," सगळे ओरडलो. ओरडल्याशिवाय ऐकू जात नव्हतं. "काय हवा आहे!" ही ओरडली. "मस्त!" दादा ओरडला. आत्या गाडीच्या उघड्या दारात शाल लपेटून बसली होती. ती हसून हात हलवत होती. आम्हीही हात हलवत होतो. लांबून कोणाला वाटलं असतं की बुडणारी माणसं मदत मागताहेत.

सगळ्या किनाऱ्यावर आमच्याखेरीज एकच माणूस होता. निळ्या प्लॅस्टिकखाली शेगडी मांडून तो कणसं भाजत होता. मी त्याला म्हटलं, "एवढ्या पावसात कशाला हो बसलात?" तो म्हणाला, "तुम्ही लोक येता ना, म्हणून." मी सात कणसं घेतली. खरं सांगायचं तर कोणालाच कणीस नको होतं. पण तो माणूस आमच्यासाठी एवढ्या पावसात बसलेला, त्याचं मन कसं मोडणार? तो आमच्यासाठी बसला होता, आम्ही त्याच्यासाठी खात होतो. अर्थशास्त्रात याला मागणी आणि पुरवठा म्हणतात असं मला वाटतं.

परतताना पुलावर गाड्या अडकल्या होत्या. सात ओली माणसं, सात ओल्या छत्र्या, काचांवर वाफ. कोणी बोलत नव्हतं. आणि त्या शांततेत कन्येने, वय वर्षं दहा, विचारलं, "बाबा, पण यायचं कोणाला होतं?"

मोठ्या माणसांनी असा प्रश्न विचारू नये असा संकेत आहे, म्हणून लहान मुलं असतात. दादा म्हणाला, "तुम्हाला गं! पाहुण्यांना घरात कोंडून ठेवायचं का? मला तर जेवून ताणून द्यायची होती." ही म्हणाली, "मला वाटलं मुलं कंटाळली." चिरंजीव म्हणाला, "मी तर आईसाठी हो म्हटलं." वहिनी म्हणाल्या, "मला मेलीला भजी तळावी लागली ती काय हौस म्हणून?" मग सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "आत्यासाठी." आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. हो, हो, आत्यासाठीच! निदान एक तरी लाभार्थी सापडला. पुढच्या सीटवरून आत्या म्हणाली, "भजी उरलीत का रे?"

या आजाराला शास्त्रीय नाव आहे, हे पुण्याला आल्यावर एका मित्राकडून कळलं. जेरी हार्वी नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९७४ साली यावर लेख लिहिला. टेक्सासमधलं एक लहान गाव, जीव नकोसा करणारा उन्हाळा, घरातली चार माणसं पंख्याखाली डॉमिनोज खेळत, सरबत पीत सुखात बसलेली. सासरे म्हणतात, चला, ॲबिलीनला जाऊन जेवून येऊ. ॲबिलीन ५३ मैल लांब, गाडीला वातानुकूलन नाही. सगळे "चला की" म्हणतात. धूळ खात जातात, भिकार जेवतात, घामाने निथळत परत येतात, आणि मग कळतं की जायचं कोणालाच नव्हतं. सासऱ्यांनासुद्धा. त्यांना वाटलं होतं, बाकीचे कंटाळले असतील. हार्वीने यावरून सिद्धांत काढला की माणसांना मतभेद हाताळता येत नाहीत ही खरी अडचण नव्हे, एकमत हाताळता येत नाही ही आहे. त्याला 'ॲबिलीनचा विरोधाभास' म्हणतात, आणि मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब तो शिकण्यासाठी पैसे भरतात. आमच्याकडे तो फुकट होतो.

हार्वीसाहेबांचा हिशोब मला पटला, पण खतावणी अपुरी वाटली. त्यांनी मैल मोजले, वेळ मोजला, घाम मोजला. पण गाडीतला प्रत्येक माणूस स्वतःखेरीज दुसऱ्या कोणाचा तरी विचार करत होता, याची नोंद कुठल्या खात्यात करायची? आमच्या गाडीतल्या सातही जणांनी त्या दुपारी आपली झोप, आपला झोपाळा, आपली कोरडी पँट दुसऱ्याला देऊन टाकली होती. नेहमीच्या हिशोबाने ही केवढी पुण्याई! अडचण एवढीच की सात दाते होते आणि घेणारा एकही नव्हता. ब्राह्मणच मिळाला नाही तर गोदानाचं काय होतं, हे धर्मशास्त्रात लिहिलेलं असेल. मी इतकंच सांगू शकतो की गाय भिजते.

उपाय म्हणून लोक म्हणतात, स्पष्ट बोला. कांट नावाचा जर्मन तत्त्ववेत्ता तर याबाबतीत फारच कडक होता. १७९७ साली त्याने एक निबंधच लिहिला की परोपकारासाठीसुद्धा खोटं बोलायचा हक्क कोणाला नाही. खुनी माणूस दारात येऊन 'तुमचा मित्र घरात आहे का' विचारत असला, तरी नाही. हा गृहस्थ जन्मभर अविवाहित राहिला, ही गोष्ट मी निव्वळ माहितीसाठी देतो. आपले जुने स्मृतिकार जास्त संसारी. त्यांनी अप्रिय सत्य बोलायला मनाई केली आणि प्रिय असत्यालाही मनाई केली. मग "समुद्रावर जाऊ या?" या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? गप्प बसायचं. आणि गप्प बसणं म्हणजे होकार, हे दादासकट सगळ्यांना ठाऊक आहे.

तेव्हा वाद काही मिटला नाही. पण त्या रात्रीची एक गोष्ट सांगायची राहिली, आणि तत्त्ववेत्त्यांना बाजूला ठेवून मी तिचाच जास्त विचार करतो.

रात्री वीज गेली. सगळे लवकर झोपले. कपडे वाळत घातल्यामुळे पडवीत लग्नघराच्या मागच्या बाजूसारखा देखावा झाला होता. आत्या झोपाळ्यावर बसलेली, मी खाली पायरीशी. मी विचारलं, "आत्या, खरं सांग. तुला समुद्र बघायला आवडतं ना?"

"समुद्र?" ती म्हणाली. "अरे, साठ वर्षं झाली इथे लग्न होऊन. पहिल्या वर्षी तुझे काका घेऊन गेले होते. मग तो काय, आहेच. तुला पुण्यात पर्वती बघायला आवडते का?"

"मग आलीस कशाला?"

"तुम्ही सगळे माझ्यासाठी निघाला होतात. नाही कशी म्हणू?"

झोपाळा बराच वेळ कुरकुरत राहिला. मग ती आपणहून बोलली. "तुम्ही येता ना रे दर वर्षी, आल्या आल्या पळता. आज गणपतीपुळे, उद्या आरे-वारे, परवा आणखी काही. संध्याकाळी येता ते दमून. जेवता, झोपता. मी आपली पिशव्या मोजते. यंदा पावसाने तुम्हाला कोंडलंन. काल सबंध दिवस सगळे इथे होतात, या पडवीत. तुझा मुलगासुद्धा. मी देवाला म्हटलं, आणखी दोन दिवस असाच लागू दे."

मला काही सुचेना. मी म्हटलं, "मग सांगायचंस तसं. आम्ही थांबलो असतो."

"थांबला असतात," ती म्हणाली, "नाही कोण म्हणतं? पण म्हातारीसाठी थांबलोय, असं तोंड करून थांबला असतात. घड्याळाकडे बघत. ते बसणं वेगळं आणि कालचं बसणं वेगळं."

कांटला हे कळलं असतं का, माहीत नाही. हार्वीला बहुधा कळलं असतं, पण त्याने उपाय सांगितला असता की प्रत्येकाने आपापली खरी इच्छा स्पष्ट सांगावी. आणि आत्याची अडचण तर नेमकी तीच होती. काही गोष्टी मागितल्या की मिळतात, पण मग त्या त्याच गोष्टी राहत नाहीत. तिला आम्ही घरात बसायला हवे होतो असं नाही. आम्हाला तिथे बसावंसं वाटायला हवं होतं. ते मागता येत नाही. त्यासाठी पाऊसच लागतो. मात्र 'आत्याला बरं वाटेल' म्हणून वर्षानुवर्षं तिला गाडीत पुढे बसवून नेणारे आम्ही, आणि आमचं मन मोडू नये म्हणून वर्षानुवर्षं शाल घेऊन निघणारी ती, यांत जास्त खोटं कोण बोललं, याचा निवाडा करायची माझी तयारी नाही. मला तर दोन्ही बाजू लबाड वाटतात आणि दोन्ही बाजूंबद्दल प्रेम वाटतं.

रविवारी सकाळी पाऊस होताच. दादाने चहा घेताना सवयीप्रमाणे तोंड उघडलं, "काय मग, आज गणपतीपुळ्याला..." आणि मी काही म्हणायच्या आत चिरंजीव म्हणाला, "नको काका. आजीकडे तो इस्पिकचा आठ्ठा आहे, तो काढायचाय." त्याला रात्रीचं बोलणं माहीत नव्हतं. त्याला खरोखरच आठ्ठा काढायचा होता. आत्याने पदर खोचला, पत्ते पिसले आणि मला म्हणाली, "सरक रे, उजेड अडवू नकोस."

दुपारी तीनला निघायचं होतं. निघालो साडेपाचला. आठ्ठा निघाला नाही.